डेल्कोचा दात

तवंदी घाटाच्या चढावर आमच्या काकांची पेट्रोल जीप बंद पडली, ती कसलीही कुरकुर न करता. पेट्रोल संपत आलं की गाडी आधी चार गचके देते, पॉइंट जळत आले की महिनाभर तक्रार करते. ही एकदम गप्प झाली. स्टार्टर मारला की इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. काकांनी स्टार्टर मारमारून बॅटरीही बसवली आणि मग गोण्यांनी भरलेल्या एका ट्रकमागं दोर बांधून आम्ही निपाणीत उतरलो.

मिस्त्रीनं बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "बंद पडताना ऑइलचा काटा बघितलासा काय?" काकांनी बघितला नव्हता. दुसरी बॅटरी जोडून मिस्त्रीनं डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली, तारा लोंबत ठेवल्या आणि काकांना स्टार्टर मारायला लावला. पुढचा पंखा गरगरला. रोटर मात्र जागचा हलला नाही, आणि ऑइलचा काटा शून्यावरच पडून राहिला. "डेल्कोचा दात गेलाय," एवढं बोलून तो पाना शोधायला आत गेला.

डेल्को हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, कानडी असेल. सीमेवर न समजणारा शब्द कानडी समजायची आपली सवय, आणि पलीकडच्यांची तो मराठी समजायची. पुढं कळलं की तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला आहे. डेटन गावातल्या 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी'ची ती आद्याक्षरं. चार्ल्स केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ती कंपनी 1909 मध्ये काढली. दुकानातला गल्ला विजेवर चालवणारा हा केटरिंग डीड्सच्या घरामागच्या कोठारात मोटारीच्या ठिणगीवर खटपट करत होता. कॅडिलॅकच्या हेन्री लीलंडनं एकदम आठ हजार संच मागवले, म्हणून कंपनी काढावी लागली. डालडा नि झेरॉक्सचं झालं तेच मग डेल्कोचं झालं. स्पॅनिश आणि फ्रेंच बोलणारेही डिस्ट्रिब्यूटरला डेल्कोच म्हणतात. निपाणीचा मिस्त्री आणि माद्रिदचा मिस्त्री या एका शब्दापुरते भाऊबंद.

केटरिंगच्या आधी ठिणगी पडत नव्हती असं नाही. जर्मनीत रॉबर्ट बॉशच्या कारखान्यानं 1897 मध्ये मोटारीच्या इंजिनाला मॅग्नेटो बसवला आणि 1902 मध्ये तिथल्याच गोटलोब होनोल्डनं उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः करतो, त्याला बॅटरी लागत नाही. पण इंजिन हळू फिरत असेल तर त्याची ठिणगीही मरगळते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत चार सिलिंडरना चार वेगळ्या कॉइल होत्या. केटरिंगच्या मांडणीत कॉइल एकच. पॉइंट उघडला की तिच्यात हजारो व्होल्टचा झटका उठायचा, आणि तो कुणाच्या पदरात टाकायचा हे फिरता रोटर ठरवायचा. पंगतीत वाढप्यानं फिरावं तसा तो टोपीखाली फिरतो, फक्त ओळीनं वाढत नाही. एक, तीन, चार, दोन. आमच्याकडच्या गॅरेजात हा क्रम मी मराठीत ऐकलाय, हिंदीत ऐकलाय आणि 'ओंदु, मूरु, नाल्कु, एरडु' असाही ऐकलाय. क्रमाबद्दल मात्र कधी वाद ऐकला नाही.

या वाढप्याला फिरवतो तो दात. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते, म्हणून रोटर क्रँकच्या निम्म्या गतीनं फिरला पाहिजे. कॅमशाफ्ट नेमका त्याच गतीनं फिरत असतो. तेव्हा त्याच्यावर एक तिरक्या दातांचं चाक कापायचं, त्यात आडवं दुसरं चाक अडकवायचं, की काम झालं. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तेव्हा रोटर 1500 घेतो, आणि चार सिलिंडर धरून सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. गोम आहे ती या तिरक्या दातांत. सरळ दातांची चाकं एकमेकांवर बरीचशी लोळतात; आडव्या शाफ्टची तिरकी चाकं एकमेकांना घासत जातात, तीही अगदी थोड्या जागेवर टेकून. तेल आहे तोवर ठीक. शिवाय पुष्कळ इंजिनांत हे छोटं चाक मुद्दाम मऊ धातूचं ठेवतात, कारण झिजायचंच तर ते झिजावं, कॅमशाफ्ट नको. कॅमशाफ्ट बदलायचा म्हणजे अर्धं इंजिन उघडायचं.

जीपमध्ये तर हे चाक डिस्ट्रिब्यूटरचं नसतंच. ते ऑइल पंपाच्या शाफ्टवर असतं. पंप इंजिनाच्या एका कुशीला, डिस्ट्रिब्यूटर दुसऱ्या. डिस्ट्रिब्यूटरच्या शाफ्टची चपटी जीभ पंपाच्या शाफ्टच्या खाचेत बसते. म्हणून तर मिस्त्रीनं आधी काटा विचारला. दात गेला की ठिणगीही जाते आणि तेलही. ठिणगी गेल्यानं इंजिन त्या क्षणी थांबतं, म्हणून बिनतेलाचं फिरून बेअरिंग खात नाही. हे कुणी ठरवून केलं की आपोआप घडलं, देव जाणे. पण त्या दिवशी काकांचे बरेच पैसे वाचले.

पंप बाहेर आला. चाकाचे दात एका बाजूनं सुरीसारखे झालेले, तीन-चार तर मुळातूनच गेलेले. काका म्हणाले, "कंपनीचा माल असा कसा?" मिस्त्रीनं पंप त्यांच्या हातात दिला. "फिरवून बघा." फिरेना. "ह्येचं काय चुकलं न्हाई. पंपानं धरलंय, आन् ह्यो बिचारा फिरवत बसलाय." इंजिनाखालचा तेलाचा संप उतरवला तर तेलाची चाळणी एका कडेला फाटलेली निघाली, तिच्यातून लोखंडाची एक किरच पंपाच्या चाकांत जाऊन बसली होती. संपच्या तळाशी गाळात तुटलेले दात मिळाले. ते त्यानं एकेक वेचून वर्तमानपत्रावर मांडले आणि चाकाशी ताडून मोजले. एकही आत राहिला तर नवीन चाक तो आठवड्यात खाईल, असं त्याचं म्हणणं.

डेल्कोचा हा वंश आमच्या भागात आला तो बहुतेक लष्करी जीपबरोबर. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानं विकायला काढलेल्या गाड्या देशभर पसरल्या. 1947 पासून महिंद्र मुंबईत जीप जोडू लागले, मग फियाट आणि अँबॅसिडर आल्या. अँबॅसिडरमध्ये या दाताचा शाफ्ट वेगळा असतो, आणि तो काढायला वरून लांब बोल्ट आटवून उपसावा लागतो. बसवताना दात तिरके असल्यानं तो आत जाता जाता स्वतःभोवती वळतो. म्हणून खाच आधी जवळजवळ आडवी धरायची, तेव्हा ती घड्याळातल्या एकच्या दिशेला जाऊन थांबते.

मोडलेलं घडवून घ्यायचं तर बेळगावला जायचं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये तिथं सायकलींचं दुकान काढलं आणि 1910 मध्ये ते किर्लोस्करवाडीला गेले. लोखंडाची कामं मात्र गावात रुजली, आज उद्यमबागेत फाउंड्र्या आणि मशीनशॉपची रांग आहे. पण मिस्त्रीनं मान हलवली. लेथवर बुश होईल, शाफ्ट होईल, हा तिरका दात लेथवर होत नाही. कोल्हापूरच्या जुन्या स्पेअरच्या दुकानातून वापरलेला पंप आला, त्यात दोन दिवस गेले.

पुढं डिझेल आलं. त्याला ठिणगीच नको. पेट्रोल गाड्यांतही 2000 च्या सुमारास मारुती 800 मध्ये कॉम्प्युटर बसला, मग प्रत्येक प्लगला आपापली कॉइल मिळाली. म्हणजे एका अर्थी गाडी फिरून मॉडेल टीच्या चार कॉइलींवर आली.

पंप बसवायच्या आधी मिस्त्रीनं एक नंबरचा प्लग काढला, भोकावर अंगठा ठेवला आणि पोराला हँडल मारायला सांगितलं. अंगठा दाबानं उडाला की पिस्टन वर येतोय. सगळं जुळवलं, टोपी लावली, स्टार्टर मारला, आणि कार्बोरेटरमधून बंदुकीसारखा बार निघाला. पोर पळालं. पंप अर्धा फेरा उलटा बसला होता. पुन्हा पंप काढायचा म्हणजे तासभर. दिवस मावळत आलेला. मिस्त्री क्षणभर थांबला, मग टोपीतल्या चारही तारा दोन-दोन घरं पुढं सरकवल्या. जीप लगेच सुरू झाली, काटा वर चढला.

ती जीप काकांकडं पुढं अकरा वर्षं होती. दर वेळी नवा कुणी मिस्त्री टोपी उघडायचा, तारांकडं बघून कपाळाला आठ्या घालायचा आणि त्या नीट लावायला जायचा. काका घाईघाईनं म्हणायचे, "राहू दे, ते निपाणीचं टायमिंग आहे."