पोढीपासून तोटीपर्यंत



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत नळ आणि तोटीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. धम्मावर लिहा, चळवळीवर लिहा, असे मलाही सांगण्यात आले. परंतु आपल्या समाजाचा इतिहास लिहायला बसले की पहिले पान पाण्याचेच निघते, त्याला मी काय करू? मी शिकलेला माणूस नाही. सूतगिरणीत मेंटेनन्स खात्यात पाना धरून माझा जन्म गेला. वाचनालयात बसून जे वाचले आणि हातांनी जे दुरुस्त केले, ते दोन्ही मिळून हा लेख आहे.

सुरुवात लेण्यांपासून करतो. बोरिवलीजवळच्या कान्हेरीला आपल्यापैकी पुष्कळ जण सहलीने जाऊन आले असतील. तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत. लोक बुद्धमूर्तीपुढे हात जोडतात, फोटो काढतात आणि परत फिरतात. मात्र लेण्याच्या अंगणात एका बाजूला खडकात कोरलेले पाण्याचे टाके असते, त्याकडे फारसे कोणी बघत नाही. या टाक्याला शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावर पडणारा पाऊस खडकात कोरलेल्या बारीक पन्हळींनी गोळा करायचा, तो पोढीत सोडायचा आणि पुढचे आठ महिने पुरवायचा. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी. खाली नदीवर जाऊन पाणी आणा, ही भानगड नाही.

आणि त्यातली हुशारी बघा. पोढीचे तोंड लहान, वरून खडकाचे छत, आत मात्र पोट मोठे. उन्हाळ्यात उघड्या हौदातले पाणी दिवसाला पाऊण-एक सेंटीमीटर नुसते उन्हाने आणि वाऱ्याने उडून जाते. पोढीवर ऊनच पडत नाही, तर उडणार कसे? आपल्या अंगणातला उघडा ड्रम आणि दोन हजार वर्षांपूर्वीची पोढी यांत शहाणे कोण, ते तुम्हीच ठरवा.

ह्या पोढी राजांनीच केल्या असेही नाही. कान्हेरीच्या एका लेखात कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचे कोरलेले आहे. हातावर काम करणारा कारागीर माणूस. त्याने सोन्याचा कळस दिला नाही, पाणी दिले. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण १९०० वर्षांपूर्वीचा. त्यात लेण्याबरोबर पोढी केल्याचा उल्लेख तर आहेच, शिवाय कोणकोणत्या नद्यांवर फुकट होडीची सोय केली आणि दोन्ही काठांवर पाणपोया व विसाव्याच्या जागा बांधल्या, त्याचीही यादी आहे. त्या यादीत आपली तापी आहे! प्रकाशा-सारंगखेड्याला पुलावरून जाताना मला नेहमी ही गोष्ट आठवते. पाणपोईवर येणाऱ्याची जात विचारा, असे त्या लेखात कुठे लिहिलेले नाही.

विनयात भिक्खूच्या आठ वस्तूंमध्ये चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे फडके सांगितले आहे, तेही सर्वांना माहीत आहे. आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचे जे भांडण झाले, ते बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून मांडले आहे. म्हणजे पाणीवाटपाचा तंटा आपल्या धम्माच्या उंबरठ्यावरच उभा आहे.

पुढे काळ बदलला. खानदेशापुरते बोलायचे तर पांझरा आणि मोसम नद्यांवर फडपद्धत होती. बंधारा घालायचा, पाट काढायचा, शेतांचे फड पाडायचे आणि पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी सोडायचे. तीनशे वर्षे ही रीत चालली. बऱ्हाणपूर त्या काळी खानदेशातच. तिथे १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखाना याच्या कारकिर्दीत सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणले. कुंडी भंडारा म्हणतात तो हाच. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने खापराच्या नळांतून नहर आणली. हा मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, आणि शहराला पाणी त्याने पाजले! तिथल्या पाणचक्कीत तर तेच पाणी आधी जाते फिरवते आणि मग हौदात जाते. एका पाण्याची दोन कामे.

पण हे सगळे पाणी आपल्या वाट्याला आले का? नाही आले. माझी आजी सांगायची, विहिरीपासून दूर रिकामी घागर ठेवून उभे राहायचे आणि कुणाला दया आली तर वरून ओतणार. ओतताना निम्मे अंगावर आणि जमिनीवर सांडायचे. ते सांडलेले पाणी बघून तिच्या जिवाला काय होत असेल! १८६८ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी किती मोठी गोष्ट केली ते आजीच्या घागरीकडे बघून कळते.

नळ आला तेव्हा वाटले, आता तरी विटाळ जाईल. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले. नावही बघा, विहार! कान्हेरीच्याच डोंगररांगेतला हा तलाव. नळाला एक मुख्य पाईप असतो, त्यातले पाणी ब्राह्मणाच्या घरीही जाते आणि आपल्याही. लोखंडाला जात कळत नाही. माणसाला मात्र कळत होती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव पास झाला, की सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर, तळे होते तिथेच. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन ओंजळभर पाणी उचलले, तेव्हा कुठे तो कागद ओला झाला. त्यानंतर मारहाण झाली, आणि तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी त्यात ओतल्या गेल्या. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. खटला दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली.

बाबासाहेबांची पाण्याची दुसरी कामगिरी आपले वक्ते फारशी सांगत नाहीत. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळातली, आणि १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला तोही त्यांच्याच खात्याखाली. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच पुढे आला. पाण्यावरचा हक्क महाडला, पाण्याचे नियोजन दिल्लीला. दोन्ही एकाच माणसाचे.

आता गिरणीतले थोडे सांगतो. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या १८ व्या कलमात पिण्याच्या पाण्याची तरतूद होती. जागेवर कामगारांना कळेल अशा भाषेत ‘पिण्याचे पाणी’ लिहिले पाहिजे, संडास-मुतारीपासून ती जागा लांब पाहिजे आणि अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात गार पाणी दिले पाहिजे, असा तो नियम होता. आमच्या खात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत पाण्याचा फवारा सोडतात, ओलावा ठेवतात. त्या यंत्राच्या पाईपांवर मी काम केले. तिथे मी शिकलो, की पाणी मोठ्या भोकाने कधी वाया जात नाही. मोठे भोक सगळ्यांना दिसते, लगेच बुजवतात. वाया जाते ते थेंबाने.

घरच्या गळक्या तोटीखाली मी एक लिटरचा तांब्या लावून बघितला. तासाभरात भरला. म्हणजे दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७२० लिटर. जलजीवन मिशनमध्ये, जे २०१९ ला सुरू झाले, खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर धरलेले आहेत. तुमच्या-माझ्या घरच्या दोन गळक्या तोट्यांत जवळजवळ एका माणसाचे पाणी जाते. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांत उन्हाळ्यात बाया झिऱ्यावर वाटीने पाणी उपसून हंडा भरतात, त्यांना हे ऐकवायची माझी तरी हिंमत नाही.

तोटी गळते ती बहुतेक आतल्या वायसरमुळे. पाण्यातली रेती त्यात अडकते, रबर कडक होते, चिरते. मग आपण काय करतो? जोर लावून पिळतो. त्याने वायसर कापला जातो आणि बैठकही खराब होते. वायसर पाच-दहा रुपयांचा, पाना शेजाऱ्याकडे मिळतो, काम दहा मिनिटांचे. दांडीपाशी गळत असेल तर वरची चकती खोलून सुताची दोरी गुंडाळा, नाहीतर टेफ्लॉनची टेप. आम्ही गिरणीवाले सुताचीच गुंडाळतो, सवय दुसरे काय.

आपल्याकडचे ऊन हेही एक कारण आहे. गच्चीवर काळी टाकी आणि उघडा पांढरा पाईप. मे महिन्यात दुपारी तोटी सोडली की चहा होईल असे पाणी येते. मग गार येईस्तोवर बादलीभर मोरीत सोडून देतात. ते बादलीत धरा, भांड्यांना वापरा. टाकीवर गोणपाट बांधा, वर सावली करा, पाईपाला चुना लावा. तोच पाईप उन्हाने ठिसूळ होऊन एल्बोपाशी तडकतो, आणि गच्चीवर कोण बघायला जातो? टाकीचा बॉलकॉक अडकला तर पाणी रात्रभर पन्हळीतून वाहते. कूलरचेही तसेच. आरओ बसवलाय त्यांनी बाजूच्या नळीतून फेकले जाणारे पाणी कधी मोजले आहे काय? प्यायला मिळते त्यापेक्षा जास्त निघते. फरशी पुसायला ते चांगले.

सगळ्यांत मला राग येतो तो ‘शिळ्या’ पाण्याचा. नळ आला की बाई कालचा हंडा ओतून देते, शिळे झाले म्हणून. अगं ताई, नंदुरबारला विरचकचे पाणी येते, ते धरणात गेल्या पावसाळ्यापासून साठलेले आहे! ते शिळे नाही आणि तुझ्या झाकलेल्या हंड्यातले एका रात्रीत शिळे कसे झाले? भांडे स्वच्छ असले, झाकण असले, घ्यायला ओगराळे असले की दोन दिवस काही होत नाही. पाण्याला विटाळ लावणाऱ्यांशी आपण लढलो आणि आपणच घरात पाण्याला विटाळ लावतो, हे मला पटत नाही.

शेवटी लाईनचा प्रश्न. पाणी तासभर येते. वरच्या अंगाला ज्यांच्या नळाला तोटीच नाही त्यांचे गटारीत जाते, आणि शेवटच्या गल्लीपर्यंत दाबच पोहोचत नाही. आपल्या वस्त्या बहुतेक लाईनच्या टोकालाच आहेत, हे काही योगायोगाने झालेले नाही. त्याबद्दल अर्ज-मोर्चे चालूच आहेत आणि चालूच राहतील. पण आपल्यातही वरची गल्ली आणि खालची गल्ली आहे.

म्हणून मंडळापुढे मी एवढेच ठेवले आहे, की वर्षावासाच्या तीन महिन्यांत ग्रंथवाचनाच्या दिवशी दोन पोरांनी एका गल्लीतल्या तोट्या तपासाव्यात. पाना आणि वायसरची डबी विहाराच्या कपाटात, खालच्या खणात ठेवलेली आहे. किल्ली माझ्याकडे आणि महिला मंडळाकडे आहे. सुरुवात विहाराच्या मागच्या नळापासून करावी, तो गेल्या पौर्णिमेपासून ठिबकतोय.