पुण्याजवळचे नवे नाक : कावसजीची गोष्ट

१/ मराठीत अब्रू नाकात राहते. ‘नाक कापले’ म्हणजे इभ्रत गेली. अठराव्या शतकात ही नुसती बोलण्याची पद्धत नव्हती, प्रत्यक्ष दिली जाणारी शिक्षाही होती. म्हणूनच कापलेले नाक पुन्हा घडवणारे कारागीरही या भूमीत होते. हा धागा त्यांच्यापैकी एकाचा.

२/ कावसजी हा मराठा शेतकरी. १७९२ च्या म्हैसूर युद्धात तो इंग्रज फौजेत बैल हाकत होता. टिपूच्या कैदेत सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. पुढे कंपनीने त्याला निवृत्तिवेतन दिले. पण वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविनाच जगला.

३/ मग पुण्याजवळ, विटा करणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबईचे दोन इंग्रज शल्यचिकित्सक ही क्रिया पाहत होते. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये तिचा वृत्तान्त चित्रासह छापून आला.

४/ रुग्णाच्या वाट्याला काय येई? आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेत. तो सपाट करून कपाळावर ठेवत आणि त्याभोवती रेघ आखत. त्या आकाराची कातडी सोडवत. मात्र दोन्ही डोळ्यांमधली पट्टी जोडलेलीच ठेवत. नव्या नाकाला रक्त पोहोचे ते तिच्यातूनच.

५/ जुना व्रण खरवडून, कातडी अर्धी पिळून खाली वळवत आणि कडा चिरेत बसवत. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या पाच-सहा चिंध्या. टाका एकही नाही. गुंगीचे औषधही नाही. ईथरचा वापर सुरू व्हायला अजून अर्धशतक होते.

६/ चार दिवस पट्टी तशीच. मग तुपात भिजवलेले कापड. पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. सुमारे पंचविसाव्या दिवशी जोडपट्टी कापली की नाक स्वतंत्र.

७/ सुश्रुतसंहितेत पानाने माप घेऊन गालाची कातडी वापरण्याचा विधी आहे. पुण्यात कपाळाची वापरली. ग्रंथ आणि कारागिरी यांच्यामध्ये किती पिढ्यांचे हात आहेत, याची कल्पना या एका फरकावरून येते.

८/ तो वृत्तान्त इंग्लंडमध्ये वाचला गेला. जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनला ही शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. केवळ रूप सुधारण्यासाठी नाकावर शस्त्रक्रिया करण्याची प्रथा त्याच शतकाच्या अखेरीस रुजली. कर्करोगाने नाक गेलेल्या रुग्णांसाठी कपाळाची कातडी आजही वापरतात.

९/ आता एक बोचणारी गोष्ट. त्या पत्रात रुग्णाचे नाव आहे, साक्षीदार डॉक्टरांची नावे आहेत. ज्याच्या हातांनी नाक घडले, त्याची केवळ जात नोंदवलेली आहे. दस्तऐवज वाचताना म्हणून एक प्रश्न नेहमी विचारावा : इथे काम कोणी केले, आणि नाव कोणाचे राहिले? कावसजीला त्याचे नाक परत मिळाले; ते घडवणाऱ्याला मात्र इतिहासात नाव मिळाले नाही.