‘श्यामची आई’ : पुस्तक आणि चित्रपट – एक तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
‘श्यामची आई’ हे पुस्तक व त्यावरील चित्रपट यांची तुलना बहुधा ‘अधिक हृदयस्पर्शी कोणते’ या प्रश्नाशी थांबते. इतिहासाच्या अभ्यासकापुढील प्रश्न वेगळा आहे. ही कथा कोण सांगतो आणि कोणत्या काळात उभा राहून सांगतो, हा तो प्रश्न होय.

पुस्तकातील निवेदक :
साने गुरुजींनी १९३० साली अमळनेर येथील शिक्षकाची नोकरी सोडून सविनय कायदेभंगात भाग घेतला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनी उतरवून घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग लिहिला. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची विभागणी ‘रात्रीं’मध्ये आहे. आश्रमात प्रौढ श्याम रोज रात्री सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. प्रवचनाच्या बैठकीशी या रचनेचे साम्य लक्षणीय आहे. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात दोन श्याम भेटतात : चुकणारा मुलगा आणि आई गेल्यानंतर ती चूक उमगलेला माणूस.

मोळीच्या प्रसंगात हे अंतर विशेष जाणवते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील वृद्धेची मोळी उचलून देण्यास आई श्यामला सांगते. मात्र घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. आई रूढी मोडत नाही, करुणेला रूढीच्या आधी स्थान देते. पुढे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले. आईने दिलेली शिकवण मुलाने आईच्या मर्यादेपलीकडे नेली.

चित्रपटातील रूपांतर :
आचार्य अत्रे दिग्दर्शित चित्रपट १९५३ साली, म्हणजे गुरुजींच्या निधनानंतर तीन वर्षांनी आला. वनमाला यांची आई व माधव वझे यांचा श्याम प्रेक्षकांच्या स्मरणात राहिले. १९५४ मध्ये प्रथमच दिल्या गेलेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारते, तेव्हा तिची कठोरता व व्यथा चेहऱ्यावर एकाच क्षणी दिसतात. ही पडद्याची खरी ताकद होय. परंतु डोळ्यांसमोर मूल वावरू लागले की आठवण वर्तमान बनते आणि सांगणाऱ्याचे वय नजरेआड होते. सुजय डहाके दिग्दर्शित २०२३ च्या कृष्णधवल चित्रपटात स्वतः साने गुरुजीच पात्र म्हणून येतात. निवेदकाला पुन्हा कथेत आणण्याचा तो प्रयत्न म्हणता येईल.

निष्कर्ष :
चित्रपटाने आईला चेहरा दिला. पुस्तकाने तिच्याकडे मागे वळून पाहणारा मुलगा जपला. हा मुलगा वगळल्यास आई केवळ पूजनीय उरते, ऐतिहासिक राहत नाही. म्हसा, मुरबाड, शहापूर यांसारख्या ग्रामीण परिसरातील वर्गांत चित्रपट दाखविताना मोळीची ‘रात्र’ मोठ्याने वाचून घेतली, तर आईविषयीचा आदर कायम ठेवूनही तिच्या काळाला प्रश्न विचारता येतात, हे विद्यार्थ्यांस उमगेल.