विमानतळावरचं शेवटचं दुकान

परदेशातून परतताना शेवटच्या अर्ध्या तासात आपण चॉकलेटचे डबे उचलतो. या खरेदीचा इतिहास सुरू होतो आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, शॅनन विमानतळावर.

त्या काळी प्रवासी विमानांना अटलांटिक ओलांडण्यापूर्वी शॅननला उतरून इंधन भरावं लागे. तेवढा वेळ प्रवासी रिकामे, आणि खिसे भरलेले! तिथल्या खानपानाची व्यवस्था ब्रेंडन ओ'रेगन यांच्याकडे होती. ड्यूटी-फ्री दुकानाची कल्पना त्यांची. खुल्या समुद्रात जहाजावर करमुक्त विक्री आधीपासून चालत होतीच. ती त्यांनी जमिनीवर आणली. १९४७ साली आयर्लंडने त्यासाठी सीमाशुल्कमुक्त विमानतळाचा कायदाच केला.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे माझा पाय अडकतो तो इथे. हा प्रवासी नक्की आहे कुठे? उभा आहे आयर्लंडच्या फरशीवर, पण कराच्या हिशेबी आयर्लंड सोडून गेलेला. म्हणजे दुकान आहे, गिऱ्हाईक आहे, फक्त गाव नाही!

पुढे जेट विमानं आली, ती शॅननवरून थेट पुढे जाऊ लागली. तेव्हा १९५९ मध्ये विमानतळालगत करसवलतीचं औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं. आपल्या अंधेरीचं सीप्झ, १९७३ चं, त्याच कुळातलं. आणि १९८३ मध्ये दुबईने ड्यूटी-फ्री उघडलं, ते उभारून द्यायला आयरिश माणसंच गेली होती.

आता आपल्याकडे बघा. पंढरपूरहून येणारा बुक्का आणि चुरमुरे आणतो. रिकाम्या हाताने परतायचं नसतं, हे तर खरंच. पण तो बुक्का माणूस तिथे जाऊन आल्याची खूणही असतो. गाव नसलेल्या दुकानातली वस्तू कशाची खूण?

हे मला शिकवलं माझ्या थोरल्या बहिणीने. दहा दिवसांच्या परिषदेत बाजारात जायला वेळ झाला नाही, खरं म्हणजे मी काढला नाही. शेवटची घोषणा चालू असताना एक डबा घेतला. घरी ताईने तो उलटसुलट करून पाहिला. वर तिसऱ्याच देशाचं नाव.

"तू गेला होतास तिथलं काय रे यात?"

मी काय बोलणार! तिने डबा देवापुढे ठेवला आणि संध्याकाळी आळीतल्या पोरांना वाटून टाकला.