घाणेवाडीचा गाळ आणि कडवंचीचे बांध

जालना शहराला पाणी मिळावे म्हणून निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव बांधला गेला. पुढे कित्येक दशके त्यात पाण्याबरोबर गाळही साठत गेला. २०१०नंतरच्या दशकात शहरातील नागरिकांनी पुढाकार घेऊन तो उपसायला सुरुवात केली, तेव्हा आसपासचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले आणि तो आपल्या रानात नेऊन टाकू लागले. गाळ म्हणजे दुसरे काय? वरच्या शेतांतून वाहून आलेली मातीच.

येथे एक हिशेब फळ्यावर मांडून पाहावा. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावरून फक्त १ मिलिमीटर जाडीचा थर गेला, तर १० घनमीटर माती गेली. घनमीटरला १.३ टन धरले तर ती १३ टन भरते. वाहतूकदारांच्या भाषेत साडेतीन ब्रास. १९८३ साली ध्रुव नारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशभरच्या धुपीचा अंदाज काढला, तो दर हेक्टरी वर्षाला सुमारे १६ टन होता. म्हणजे सव्वा मिलिमीटर. इतका पातळ थर गेलेला शेतात उभे राहून कुणालाच दिसत नाही. मात्र मुरमापासून एक सेंटीमीटर माती तयार व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागू शकतात.

ही जाणीव आपल्याकडे नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारने लष्कर व पोलीस यांच्याकडून जागोजाग ताली आणि बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल, अशी सूचना केली आहे. सरकारी पातळीवर अभ्यास सुरू व्हायला मात्र पुढे चाळीस वर्षे लागली. १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि १९३३ साली सोलापूर व विजापूर येथे केंद्रे निघाली. सोलापूरला उतारावरून किती पाणी व किती माती वाहून जाते, याची प्रत्यक्ष मोजमापे घेतली गेली. त्याच सुमारास अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेतेच्या शेते उडून जात होती आणि १९३५ साली तेथे मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते स्थापन झाले. मुंबई प्रांताने १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि समतल बांधांची कामे वाढली. जालना तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे हा पहिला अध्याय जालन्याबाहेरच घडला.

हा अध्याय यशाचा होता का? माझ्या मते अर्धाच. समतल बांध म्हणजे सारख्या उंचीवरच्या बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवर घातलेला मातीचा बांध. हलक्या, मुरमाड जमिनीत तो चांगले काम करतो, कारण अडलेले पाणी लवकर जिरते. भारी काळ्या जमिनीत तसे होत नाही. बसाल्ट खडकापासून बनलेल्या या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात, भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग अगदी मंदावतो. मग बांधामागे पाणी तुंबते, पीक पिवळे पडते आणि एखाद्या मोठ्या पावसात बांध फुटून तेथेच घळ पडते. अशा जमिनीला किंचित उतार दिलेला बांध आणि जादा पाण्याला दगडी सांडवा लागतो.

दुसरी अडचण माणसांची होती. समतल रेषा जमिनीचा चढउतार पाहते, सातबारा पाहत नाही. दोन भावांच्या शेतांतून तिरपा जाणारा बांध एकाच्या रानाचा कोपरा तोडतो, दुसऱ्याच्या औताला आडवा येतो. बांध सरकारने घातलेला, शेतकऱ्याला न विचारता. पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनी असे बांध नांगरून टाकले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे होते आणि तसे म्हटलेही गेले. १९७२च्या दुष्काळात हजारो हातांना काम देणे हाच मुख्य हेतू होता. त्या वेळी बांधबंदिस्ती पुष्कळ झाली, परंतु तिची निगा कोण राखणार हा प्रश्न तसाच राहिला.

जालना तालुक्यातील कडवंची या गावाची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. १९९६ साली भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून येथे काम सुरू झाले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने ते हाती घेतले. विजयअण्णा बोराडे हे त्यातले प्रमुख नाव. काम माथ्यापासून पायथ्याकडे झाले. आधी वरच्या उतारांवर चर आणि झाडे, मग शेतांतील बांध व सांडवे आणि शेवटी ओढ्यावरचे बंधारे. क्रम उलटा केला असता, तर बंधारे चार पावसाळ्यांत गाळाने भरले असते. गावाने श्रमदान केले आणि मोकाट चराईला आवर घातला.

पुढे कडवंची गाजली ती द्राक्षांमुळे आणि शेकडो शेततळ्यांमुळे. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्हा होरपळत असताना तेथल्या बागा उभ्या होत्या, म्हणून पाहायला लोक आले. त्यांनी बहुधा पाणी पाहिले. त्या पाण्याखालची पायरी म्हणजे जागेवर थांबलेली माती, ती कुणाच्या छायाचित्रात येत नाही. शेततळ्यांविषयी एक शंका मात्र नोंदवायला हवी. तळ्यात वाहते पाणी साठवले तर ठीक. विहिरीतून उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरले, तर शेजाऱ्याची विहीर खाली जाते आणि उघड्यावरचे पाणी उन्हाने उडते ते वेगळेच.

बांधाखेरीज पिकाचाही यात वाटा आहे. भारी जमिनीत खरिपात रान मोकळे ठेवून रब्बीत ज्वारी घ्यायची जुनी रीत होती, कारण पावसाळ्यात त्या चिखलात औत चालत नाही. पण थेंबांचा मारा नेमका त्या उघड्या रानावर बसतो. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेत १९७६पासून अशाच काळ्या जमिनीवर प्रयोग झाले. रुंद वाफे-सरी आणि खरिपापासूनच पीक घेतलेल्या शेताच्या तुलनेत, मोकळ्या ठेवलेल्या रानातून सुमारे चौपट माती गेली. ज्वारीत तूर, कपाशीत मूग ही आपली मिश्र पिकांची पद्धत जमीन झाकायचे हेच काम करते.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की विद्यार्थ्यांना दोन बाटल्या द्याव्यात. एकीत बांध नसलेल्या उघड्या रानातून वाहणारे पाणी भरावे, दुसरीत बांध आणि सांडवा असलेल्या शेतातले. बाटल्या दोन दिवस वर्गात हलवू नयेत आणि तळाशी बसलेल्या थराची जाडी पट्टीने मोजावी. ज्यांच्या शेतातले पाणी आणले, त्यांनाही मोजताना बोलवावे.