ओव्याचे फूल

ओव्याच्या झाडाला फुले येतात ती पांढरी, बारीक, छत्रीसारख्या झुपक्यांची. पण दुकानात 'ओव्याचे फूल' म्हणून जे मिळते त्याचा या फुलांशी काही संबंध नाही, हे नव्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ते काचेच्या चुऱ्यासारखे दिसणारे स्फटिक असतात. कागदाची पुडी उघडली की सारे घर ओव्याच्या वासाने भरून जाते. आमच्या शेलूबाजारात काष्ठौषधी ठेवणाऱ्याकडे लहानपणी ही पुडी मी कितीतरी वेळा आणली आहे.

अलीकडे नातवंडे 'इसेन्शिअल ऑइल'च्या बोटभर बाटल्या मागवतात. 'शंभर टक्के नैसर्गिक, अँटिबॅक्टेरियल' असे वर लिहिलेले असते. मला त्या बाटल्यांपेक्षा या पुडीचा इतिहास जास्त रंजक वाटतो, म्हणून आज तोच सांगतो. मंडळी, जरा लांब जावे लागेल.

ओवा पाण्यात घालून भट्टीवर उकळला आणि वाफ थंड करून धरली की पाण्यावर तेल तरंगते. ओव्याच्या वजनाच्या साधारण २ ते ४ टक्के. हे तेल थंडीत ठेवले की त्यात स्फटिक धरतात, तेच 'फूल'. (पुदिन्याचे फूल, गंधकाचे फूल, हे शब्द याच चालीचे. द्रव्याचा जो शुद्ध अंश वेगळा होऊन वर येतो तो त्याचे फूल, किती सुंदर कल्पना आहे ही!) १८७४ साली लंडनमध्ये फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी यांचा 'फार्माकोग्राफिया' हा औषधी द्रव्यांवरचा मोठा ग्रंथ निघाला. पुण्यात आणि दख्खनच्या इतर गावांत दुकानांतून 'अजवाइन का फूल' विकले जाते, याची नोंद त्यात आहे. म्हणजे साहेबाने रसायनशास्त्र शिकवण्याची वाट न पाहता आपल्याकडचे कारागीर एक जवळजवळ शुद्ध रसायन तयार करून पुड्यांतून विकत होते.

तिकडे युरोपात थाइम नावाची एक रानवनस्पती आहे. ओव्याशी तिचे कुळ जुळत नाही, ती तुळस-पुदिन्याच्या कुळातली. कास्पर न्यूमन या जर्मन औषधशास्त्रज्ञाने १७१९ मध्ये तिच्या तेलातून असेच स्फटिक काढले. १८५३ मध्ये लालमां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्यांचा नीट अभ्यास केला. थाइमवरून नाव पडले 'थायमॉल'. (त्याच १८५३ साली निजामाकडून आपला वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. शिक्षकाची सवय, सन आला की दुसरा सन आठवतो.) पुढच्या दोन-तीन वर्षांत स्टेनहाउस आणि हेन्स या दोघांनी दाखवून दिले की हिंदुस्थानातल्या ओव्याचे फूल आणि ते थायमॉल ही एकच वस्तू. दोन वेगळी झाडे, दोन वेगळे खंड, आणि आत रेणू मात्र तोच.

तोवर हे नुसते कुतूहल होते. १८६७ मध्ये लिस्टरने कार्बोलिक ॲसिडने जखमा धुऊन शस्त्रक्रियेतले मृत्यू कमी करता येतात हे जगापुढे मांडले आणि सगळे चित्र पालटले. कार्बोलिकने डॉक्टरांचे हात सोलून निघत, रोग्याची कातडी जळे. थायमॉल रचनेने कार्बोलिकचेच भावंड, पण जंतूंवर त्याहून जहाल आणि वासाने सुसह्य. १८७५ नंतर जर्मन डॉक्टरांनी ते उचलले. हाले येथील फोल्कमन यांच्यासारख्या नामांकित शल्यविशारदाने जखमेच्या पट्ट्यांसाठी ते वापरून पाहिले. अमेरिकेत १८७९ मध्ये लिस्टरचेच नाव घेऊन 'लिस्टरीन' निघाले, त्यातही थायमॉल. आजही ते द्रावण तोंडात घेतले की जिभेला ओवा चावल्यासारखे वाटते, ते उगीच नव्हे.

पण शस्त्रक्रियेत थायमॉल टिकले नाही. कारण अगदी साधे. ते पाण्यात विरघळतच नाही म्हटले तरी चालेल. एक लिटर पाण्यात जेमतेम एक ग्रॅम. शिवाय रक्त, पू, चरबी यांच्यात गेले की तिथेच अडकून पडते आणि जंतूंच्या वाट्याला थोडेच उरते.

हाच दुर्गुण दुसरीकडे गुण ठरला. आल्प्स पर्वतात सेंट गॉटहार्डचा रेल्वे बोगदा खणताना, १८८० च्या सुमारास, शेकडो मजूर आजारी होऊन पांढरेफटक पडू लागले. आतड्यातल्या अंकुशकृमीने रक्त शोषलेले असे. तुरीनच्या बोत्सोलो या डॉक्टराने त्यांना थायमॉल दिले. पाण्यात न विरघळणारे औषध आतड्यातच राहून कृमींना मारत होते. १९०९ पासून अमेरिकेत रॉकफेलरच्या पैशाने अंकुशकृमीविरुद्ध जी प्रचंड मोहीम झाली, तिचेही मुख्य औषध थायमॉल आणि वरून जुलाबाचे मीठ. रोग्याला एक सक्त ताकीद असे: त्या दिवशी तेल, लोणी, दारू यांना शिवायचे नाही. कारण त्यांत थायमॉल विरघळते, आतड्यातून रक्तात उतरते आणि कृमीऐवजी माणूस दगावतो. अशी माणसे दगावलीही. विसाच्या दशकात इतर औषधे आली आणि थायमॉल मागे पडले.

या साऱ्या काळात जगाला लागणारे बरेचसे थायमॉल जर्मनीत तयार होई आणि ते आपल्या ओव्यापासून. ओवा इथून पोत्यांनी जहाजावर चढे आणि त्याचेच फूल लेबल लावलेल्या बाटलीत बसून परत येई. कापसाची जी कथा तीच ओव्याची. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, जर्मनीची वाट बंद झाली, थायमॉलचे भाव कडाडले. तेव्हा सरकारला जाग आली की हे इथेही करता येईल. पण पुढे डांबरापासून मिळणाऱ्या क्रेसॉलमधून कृत्रिम थायमॉल स्वस्तात बनू लागले आणि ओव्याला पुन्हा कोणी विचारीना. आज औषधात जे थायमॉल असते ते बहुधा कारखान्यातले. रेणू मात्र तोच. न्यूमनच्या बरणीतला आणि आमच्या पुडीतला.

म्हणून 'नैसर्गिक की केमिकल' हा वाद मला पोकळ वाटतो. ओव्याचे फूल दोन्ही आहे. जंतूच्या पेशीभोवती जे पातळ आवरण असते त्यात थायमॉल शिरते, आवरण गळू लागते, जंतू मरतो. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत हे शंभर वेळा सिद्ध झाले आहे. विचारायचे ते एवढेच की जंतू आहे कुठे, आणि हे द्रव्य तिथवर पुरेसे पोचते का? तोंडात पोचते. लादीवर पोचते. आतड्यातही पोचले. फुप्फुसात?

हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत आपल्या वाशिम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेवर विद्यार्थी एकदम करोनाबाधित निघाले आणि दुसरी लाट आपल्या दारात आली. त्या दिवसांत प्रत्येक मोबाइलवर एक निरोप फिरत होता: ओवा, कापूर, लवंग यांची पोटली करा, निलगिरीचे दोन थेंब टाका, हुंगत राहा, रक्तातला ऑक्सिजन वाढतो. आमचे थोरले भाऊजी चार दिवस ती पोटली नाकाला लावून बसले. बोटाला लावायचे यंत्र ८६ दाखवत होते. फोनवर मला म्हणाले, "नाक मोकळं वाटून राह्यलं ना गुरुजी, मंग काहाले तिकडं जायचं?" मुलाने पाचव्या दिवशी जबरदस्तीने गाडीत घातले. ते परत आले नाहीत.

आधी नेले असते तर वाचले असते, असे मी म्हणत नाही. त्या महिन्यात आधी नेलेलेही गेले. पण 'मोकळं वाटणं' ही काय चीज आहे ते मी नंतर मुद्दाम वाचून काढले. कापूर आणि पुदिन्याचे फूल नाकातल्या गारवा कळणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात. मेंदूला वाटते, भरपूर हवा आत येते आहे. प्रत्यक्षात हवा तेवढीच असते. रक्तातल्या ऑक्सिजनला तर याचा पत्ताही नसतो. भाऊजी खोटे बोलत नव्हते, त्यांना खरोखरच बरे वाटत होते. माझ्या बहिणीला हे मी अजून सांगितलेले नाही. ती हे वाचेल तेव्हा कळेल, म्हणून इथेच लिहितो: ताई, पोटली तू करून दिलीस म्हणून काही झाले नाही.

घरातल्या सुना-लेकींसाठी थोडे व्यवहाराचे. बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी देण्याची आपल्याकडे रीत आहे. वास प्रसन्न असतो, पण तान्ह्या बाळाला धुरापासून लांबच ठेवा. कापूर किंवा निलगिरीचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर अगदी थोड्यानेही आकडी येऊ शकते, तेव्हा बाटली वरच्या फळीवर. आणि कुठलेही असे तेल निव्वळ कातडीला लावू नका, पोळते. जेवणानंतर चिमूटभर ओवा आणि सैंधव मात्र मी अजून घेतो, बरे वाटते. इथे बरे वाटणे पुरेसे आहे.

जुन्या घरगुती औषधांत 'अमृतधारा' आठवते का कुणाला? लाहोरचे पंडित ठाकूरदत्त शर्मा यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा प्रसार केला. कापूर, पुदिन्याचे फूल आणि ओव्याचे फूल, तिन्ही कोरडी, एका शिशीत घालून हलवायची. पाण्याचा थेंब न घालता पाच-दहा मिनिटांत सगळ्याचे पाणी होते! मी वर्गात हा प्रयोग करून दाखवी. तीन घन पदार्थ एकत्र आले की त्यांचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली जातो, एवढेच त्यामागचे गूढ. मुलांना मात्र जादू वाटे, आणि वर्गात दिवसभर वास दरवळे.

सध्या थायमॉलला एक नवे गिऱ्हाईक मिळाले आहे ते म्हणजे मधमाश्या. व्हॅरोआ नावाची कोळ्याच्या जातीची एक बारीक किडी पोळ्यात शिरून माश्यांचा फडशा पाडते. मधमाशीपालक पेटीत थायमॉल ठेवतात, त्याच्या वाफेने ती मरते. तेही मोजूनच ठेवावे लागते. जास्त झाले, की माश्याच पेटी सोडून जातात.