दिवंगत आई-वडिलांच्या बँक ठेवी : शोध आणि वारसांचे हक्क

आई किंवा वडिलांच्या निधनानंतर त्यांची खाती कोणकोणत्या बँकांत होती, याची पूर्ण माहिती कुटुंबियांना असतेच असे नाही. अशा ठेवींचा शोध घेण्याची आणि त्या मिळवण्याची कार्यपद्धती भारतीय रिझर्व्ह बँकेने निश्चित केली आहे.

शोधाची सुरुवात घरातील कागदपत्रांपासून करावी. जुनी पासबुके, मुदत ठेवींच्या पावत्या, धनादेश पुस्तिका, निवृत्तिवेतनाची कागदपत्रे आणि आयकर विवरणपत्रात दाखवलेले व्याज यांवरून खात्यांचा माग लागू शकतो. मृत्यूच्या दाखल्याच्या अनेक प्रमाणित प्रती आधीच घेऊन ठेवणे सोयीचे ठरते.

दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने व्यवहार न केलेले बचत किंवा चालू खाते निष्क्रिय मानले जाते. दहा वर्षे दावा न झालेली रक्कम २०१४ मध्ये स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत वर्ग होते. मात्र त्यामुळे ठेवीदाराचा वा वारसांचा हक्क संपत नाही. वारसांनी संबंधित बँकेकडेच दावा करायचा असतो. बँक रक्कम देऊन ती निधीकडून परत मिळवते. अशा ठेवींच्या शोधासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. ठेवीदाराचे नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहनचालक परवाना यांपैकी एखादा क्रमांक किंवा जन्मतारीख देऊन तेथे सहभागी बँकांतील ठेवी एकत्रित शोधता येतात.

खात्यावर नामनिर्देशन असल्यास बँक नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम देते आणि बँकेची जबाबदारी तेथे संपते. परंतु नामनिर्देशित व्यक्ती त्या रकमेची मालक होत नाही. ती वारसांच्या वतीने विश्वस्त म्हणून रक्कम स्वीकारते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्यामुळे खात्यावर केवळ मुलाचे नाव असले, तरी आईचा किंवा विवाहित बहिणीचा वाटा बुडत नाही. मृत्युपत्र नसल्यास हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित ठेवीत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास वडिलांची आई यांना समान वाटा मिळतो. अन्य धर्मीयांना त्यांचे वैयक्तिक कायदे किंवा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो.

नामनिर्देशन नसलेल्या आणि वाद नसलेल्या प्रकरणांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारित निर्देश जारी केले. त्यांनुसार व्यापारी बँकांत किमान १५ लाख आणि सहकारी बँकांत ५ लाख रुपयांपर्यंतचे दावे सोप्या पद्धतीने निकाली काढायचे आहेत. त्यासाठी दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, ओळखपत्र, क्षतिपूर्ती बंधपत्र आणि अन्य वारसांचे ना-हरकत पत्र आवश्यक असते. सर्व कागदपत्रे मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली न काढल्यास विलंबाच्या काळाचे व्याज बँकेला द्यावे लागते. रक्कम मर्यादेपेक्षा अधिक असल्यास उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. वारसांत वाद असल्यास दिवाणी न्यायालयात दाद मागावी लागते.

मृत व्यक्तीचे एटीएम कार्ड वापरून पैसे काढणे कुटुंबियांनी कटाक्षाने टाळावे. त्यातून वारसांमध्ये वाद आणि कायदेशीर अडचणी उद्भवू शकतात. निधनाची लेखी सूचना बँकेला देऊन तिची पोच घेणे हेच हिताचे आहे.